मडमबाईंचा पदर

छावणीतल्या ज्या बंगल्यात मी गरीब बायकांना शिवण शिकवायचे, तिथल्या मालकिणीला सगळे मडमबाई म्हणत. मूळच्या गोव्याच्या, कॅथलिक. नवरा निजामाच्या काळातला बडा ठेकेदार. तो मागं भरपूर ठेवून गेला, मूलबाळ मात्र नाही. बाई काही नन नव्हत्या. रोज सकाळी चांगला इस्त्रीचा फ्रॉक घालून चर्चला जायच्या आणि परतल्या की दारात बसलेल्या बायकापोरांचं बघायच्या. पोलिस ॲक्शननंतर त्या दारातली रांग कधी तुटलीच नाही. कुणाचा नवरा गेलेला, कुणाचं घर जळालेलं. हिंदू असो, मुसलमान असो, रडगाणं एकच. ऐकून ऐकून माझे कान किटले होते. सांगायला बरं वाटत नाही, पण दुःखाचाही वीट येतो.

बाईंना मराठी येत नसे. त्या दखनी बोलायच्या, आणि खेड्यातली बाई आली की दुभाषी मी.

पिशोरकडची एक तरणी बाई अशीच आली. नवरा त्या धामधुमीत मेलेला, दिरानं घराबाहेर काढलेलं. कडेवर जेमतेम चालणारी लेक. तिनं ती मडमबाईंच्या पायाशी ठेवली.

"बाई, तुमच्या पदरात घालते हिला. माझ्यापाशी ऱ्हायली तर मरंल."

"क्या बोली?" बाईंनी मला विचारलं.

"बच्ची आपको दे रही है," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार? लेक सासरी देताना ती पदरात घालतात, चूकभूल पदरात घ्या म्हणतात, दत्तक मूलही पदरातच घेतात. लुगडं नेसणारीला जे आपसूक कळतं, ते फ्रॉकवालीला कुठल्या शब्दांत समजवायचं?

बाईंनी पोरगी उचलली ती जणू खाली ठेवलीच नाही. चर्चमधून आल्या की आधी तिच्यापाशी. ती त्यांना मम्मा म्हणायला लागली. दारातली रांग मग माझ्याच गळ्यात पडली. मला राग यायचा, आणि बाईंना हसताना पाहिलं की जायचाही.

पोरगी बंगलाभर पळायला लागली, तेव्हा तिची आई परत आली. लासूर स्टेशनला कापसाच्या जिनिंगमध्ये काम लागलं होतं, खोली मिळाली होती. हातात नवं परकर-पोलकं.

"ताई, लेक न्यायला आले."

"अगं, तू तर देऊन टाकली होतीस!"

"देऊन? पदरात घातली व्हती, ताई. पोटचं लेकरू कुणी देऊन टाकतं व्हय?"

हे मी बाईंना सांगितलं. पोरगी त्यांच्या फ्रॉकमागं लपलेली. आईनं हात पुढं केला की किंचाळायची. बाईंजवळ पैसा होता, वकील होते, साहेबलोकांच्या ओळखी होत्या. त्यांनी नुसतं नाही म्हटलं असतं, तर ती बिचारी आल्या पावली परत गेली असती. आम्ही दोघी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. शेवटी बाई वाकल्या, फ्रॉक घट्ट धरलेली पोरीची बोटं एकेक करून सोडवली आणि तिला आईच्या कडेवर दिलं. रडणं फाटकाबाहेरूनही ऐकू येत होतं. बाई रडल्या नाहीत. फार थकलेल्या दिसल्या, एवढंच.

दुसऱ्या दिवशी रांग होतीच. एका म्हातारीनं नातीला पुढं ढकललं. तिचं बोलणं मी सांगणार, तोच बाईंनी हात वर केला. पोरीकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"पहले पूछो," त्या म्हणाल्या, "वापस लेने को कब आते."