उरलेलं निम्मं

काल दुपारी आमची दोन वर्षांची लेक बंद दाराला गाल लावून उभी होती. आत तिची आई होती. थायरॉइडच्या कॅन्सरसाठी तिला किरणोत्सारी आयोडीन दिलं होतं, त्यामुळे घरी आल्यावरही लेकीला जवळ घ्यायची मनाई.

"आज अंगात किती राहिलं असेल रे?" तिने आतून विचारलं.

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. म्हणालो, "आठ दिवस झाले. निम्म्याहून कमीच."

"आणि उरलेलं?"

"पुढच्या आठ दिवसांत त्याचंही निम्मं."

"म्हणजे संपतच नाही की!"

वर्गात कुणी हे विचारलं की मला आनंद होतो. काल मी लेकीला दारापासून उचलून घेतलं. एखाद्या अणूचं विघटन नेमकं कधी होईल, हे कुणालाच सांगता येत नाही. गणित लागतं ते असंख्य अणूंचं मिळून. माझी लेक तर एकच आहे.

आज डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली. लेक धावत जाऊन आईला बिलगली. बायको मात्र दोन्ही हात दूर धरून माझ्याकडे पाहत राहिली.

"घे गं तिला," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.