तंबाखू – नाही

हे मी आईला सांगितलेलं नाही, नवऱ्याला नाही, आणि ज्यांच्या हाताखाली शिकले त्या मॅडमना तर नाहीच. आज तुम्हाला का सांगतेय? भीती वाटते म्हणून असेल. गेल्या मंगळवारपासून घास धड उतरत नाही – पण मंगळवारचं नंतर. ते आधी सांगितलं तर मधलं गाळून टाकीन, आणि गाळण्यात मी पटाईत आहे.

मी हिरड्यांची डॉक्टर. नाशिकला गंगापूर रोडच्या एका गल्लीत माझा दवाखाना आहे. माझा हात हलका आहे असं लोक म्हणतात. हात हलका म्हणजे बाई चांगली, असं पेशंट धरून चालतात – मीही ते कधी खोडून काढलं नाही.

ही गोष्ट मी नाशिकच्या डेंटल कॉलेजात एमडीएस – डेंटिस्ट झाल्यावरचं पुढचं शिक्षण – करत होते तेव्हाची. माझ्या प्रबंधाचा विषय होता एक जेल. लवंगेचं तेल, तुळशीचं तेल आणि त्यात झिंक ऑक्साइडचे नॅनो कण – साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसणार नाहीत इतके बारीक. हिरडीचं छोटं ऑपरेशन झालं की ते जखमेवर लावायचं. तेलाने सूज उतरते, जंतू मरतात. कण त्या तेलाला धरून ठेवतात आणि जखमेत हळूहळू सोडतात. जेल मी स्वतः ढवळायचे. कॉलेजच्या फ्रिजमध्ये ठेवलं की सगळ्यांच्या डब्यांना लवंगेचा वास लागायचा, आणि मैत्रिणी मला ‘मसालेवाली’ म्हणायच्या. आठव्या दिवशी पेशंटचा ओठ बाजूला करावा आणि लालभडक हिरडी गुलाबी झालेली दिसावी – तो आनंद खोटा नव्हता. तेवढं तरी खरं मानाल ना?

अभ्यासाची एक अट होती. तंबाखूचं व्यसन असलेला पेशंट घ्यायचा नाही. तंबाखूने जखम नीट भरत नाही, मग जेलचा गुण कळणार कसा? फॉर्मवर तसा प्रश्नच छापलेला होता. आणि मला एक पेशंट कमी पडत होता – फक्त एक. मुदत अगदी तोंडावर आलेली.

तेव्हा मथुराबाई आल्या. सिन्नरकडच्या एका खेड्यातल्या, पन्नाशीच्या, घरी मेथी-कोथिंबिरीचा मळा. हिरड्या सुजलेल्या, बोट लावलं की रक्त. मी फॉर्म वाचत गेले. तंबाखू खाता का?

“नाय बाई, तसलं काय नाय आपल्याकडं,” त्या म्हणाल्या. जरा रागावल्याच.

त्या खोटं बोलत नव्हत्या. आमच्याकडच्या कितीतरी बायका या प्रश्नाला नाहीच म्हणतात, कारण मिश्री ही त्यांच्या लेखी तंबाखू नसतेच. तव्यावर काळी होईस्तोवर भाजली, कुटली, की ती दात घासायची वस्तू झाली. हे नाशिकच्या कुठल्याही डेंटिस्टला ठाऊक असतं. म्हणून आम्ही फॉर्मवर नसलेला दुसरा प्रश्न विचारतो – मिश्री लावता का? मी तो तोवर कितीतरी जणींना विचारला होता. त्यांना विचारला नाही.

त्यांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक काळं होतं. मी पाहिलं. खालच्या ओठाच्या आत, हिरडीला लागून, नखाएवढा पांढुरका चट्टा होता. तोही पाहिला. अशा चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला पाठवायचा असतो, कारण त्यातल्या काहींचा पुढे कॅन्सर होतो. हे शिकायला एमडीएस लागत नाही. मी पेन उचललं आणि लिहिलं – ‘तंबाखू – नाही’.

इथवर मी मनातल्या मनात अनेकदा आले आहे, आणि दरवेळी इथेच थांबले आहे. इथवरचं सांगता येण्यासारखं आहे, नाही का? वय लहान, मुदतीची घाई. पण मला सांगायचं आहे ते हे नाही.

ऑपरेशन केलं, जेल लावलं. सगळ्यांना सांगायचे तसं त्यांनाही सांगितलं, मी म्हणेपर्यंत त्या जागेला बोट लावायचं नाही. आठव्या दिवशी जखम कच्चीच होती. पंधराव्या दिवशी कडा पांढऱ्या, जाडसर. महिन्याने हात लावला तर कड टणक लागली. तशी कड म्हणजे काय असू शकतं, हे मला ठाऊक होतं. त्या मात्र प्रत्येक तारखेला वेळेवर – आधी जीप, मग एसटी – आणि पिशवीत माझ्यासाठी मेथीची जुडी. ती मी घेतली. घरी नेऊन खाल्लीही.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी मॅडमना सगळ्या जखमांचे फोटो दाखवायचे होते. कड तपासून झाल्यावर मथुराबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या, माझ्यापासून दहा पावलांवर. त्यांचं खोकणं मला ऐकू येत होतं. आणि मी आत बसून त्यांच्या कागदावर लिहिलं – ‘रुग्ण पुढील तपासणीस आली नाही.’ अभ्यासात न आलेला पेशंट खपतो. न भरलेली जखम खपत नाही. मग मी त्यांना आत बोलावलं, ओठ बाजूला केला, उगाच टॉर्च मारला आणि म्हणाले, छान भरतंय, आता यायची गरज नाही.

त्या खूश झाल्या. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. “मंग आता मिश्री लावली तं चालंल ना? महिनाभर हात नाय लावला, डोकं लय दुखतं.”

बघा – शब्द त्यांनीच उच्चारला. शेजारच्या खुर्चीवर माझी ज्युनिअर काम करत होती, सिस्टर उभी होती. मी नको म्हणाले असते तर? तर ज्युनिअरने मान वर केली असती, कागद मागितला असता, आणि त्यावर माझ्या अक्षरात ‘तंबाखू – नाही’ होतं.

मी म्हणाले, “चालेल.”

माझ्या प्रबंधात छापलंय की एकाही रुग्णाची जखम चिघळली नाही. मला शाबासकी मिळाली. मथुराबाईंचा फोन नंबर केसपेपरवर होता, त्याची प्रत माझ्या कपाटात आहे. मी कधीही फोन केला नाही. काय ऐकू येईल, या भीतीने नाही केला. सिन्नरकडची बाई खुर्चीत बसली की माझा हात आधी तिच्या खालच्या ओठाकडे जातो. कधी कधी जेवताना माझीच जीभ ओठाच्या आत फिरत राहते, चट्टा शोधत.

आता मंगळवार. तिशीची एक बाई आली. केसपेपरवर मथुराबाईंचंच गाव, त्यांचंच आडनाव. हल्ली मी दुसरा प्रश्न आधी विचारते. तिने न लाजता सांगितलं, “लावते की. आमच्या घरात सगळ्याच लावतात. सासूबाई सांगायच्या ना, नाशिकच्या कॉलेजातल्या डॉक्टरीण बाईनं सांगितलंय, चालतं म्हणून.”

सांगायच्या. सांगतात नव्हे – सांगायच्या. बोलण्याची एक पद्धत असेल? की त्या आता नाहीत? ‘सासूबाई कशा आहेत?’ एवढं विचारलं असतं तर झालं असतं. अर्धा तास ती माझ्यासमोर तोंड उघडून बसली होती. मी विचारलं नाही.

तिच्या ओठाखाली अजून काही नाही. मी तीनदा पाहिलं. मिश्री आजच्या आज बंद करा, म्हणाले, कशासाठी तेही सांगितलं. आणि म्हणाले, “त्या डॉक्टरांनी चुकीचं सांगितलं.”

त्या डॉक्टरांनी – असंच म्हणाले मी.

तिने रुमालाने तोंड पुसलं, माझ्याकडे जरा संशयाने पाहिलं. “त्या मोठ्या कॉलेजातल्या व्हत्या पण,” ती म्हणाली. तिचा त्या डॉक्टरीण बाईवर विश्वास होता, माझ्यावर नव्हता. ती बाई मीच, हे मी तिला सांगितलं नाही.