दरवाज्यावरचा आप्पा गेला

निपाणीच्या चष्म्याच्या दुकानात मी माझाच आवाज ऐकला, आणि मी तर तोंड मिटून बसलो होतो.

काच बदलायला गेलो होतो. काउंटरमागची मुलगी मोबाइल डबीला टेकवून उभा करून चष्मे पुसत होती आणि एकटीच हसत होती. मोबाइलमधून कुणीतरी ओरडलं, "ए राक्षसा! रांगेत ये! आदी बुटाची नाडी बांद, मग आग वक!" तो आवाज माझा होता. तीस वर्षं शाळेच्या मैदानावर ज्या आवाजानं मी मराठीत आणि कानडीत पोरांना सावधान-विश्राम करायला लावलं, तोच.

"हे काय गं?" मी विचारलं.

"अय्यो, तुम्ही न्हाय बघितलं? दरवाज्यावरचा आप्पा! लई भारी हाय. आमच्या घरात समदी बघत्यात." तिनं मान वर करून माझ्याकडं नीट बघितलं. "काका, तुमचा आवाज पण तसाच हाय की!"

मी चष्मा न घेताच बाहेर पडलो. बोरगावची बस मिळाली, बसलो, आणि घर येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच विचार. हे सुनेचं काम.

आमची सून बेळगावच्या कॅम्पातली. वडील फौजेत होते, त्यामुळं घरात शिस्त आणि हिंदी, शाळेत इंग्रजी, आणि मराठी मात्र गल्लीतली. कुठल्याशा कंपनीचं काम ती आमच्या माडीवर बसून करते. काम संपलं की व्हिडिओ गेम खेळते, हे मला माहीत होतं. बायको मला कानडीत म्हणायची, एवढी शिकलेली मुलगी आणि बंदुका काय उडवते. मी म्हणायचो, उडवू दे, आपल्यावर तर उडवत नाही.

मागल्या दिवाळीनंतर कधीतरी तिनं मला म्हटलं होतं, "आप्पा, या माइकात जरा बोलता? हे वाक्य वाचा." मी समजलो तिच्या कंपनीची काहीतरी तपासणी असेल. आम्ही जैन माणसं, दिवस मावळायच्या आत जेवण उरकतो, त्यानंतर संध्याकाळ रिकामीच. रोज थोडं बोलून द्यायचो. कधी वाक्य मला पटायचं नाही. "असं कोण बोलतंय? असं म्हणत न्हाईत," मी म्हणायचो आणि माझ्या पद्धतीनं बोलायचो. ती हसून म्हणायची, "हां, हेच पाहिजे."

घरात शिरल्या शिरल्या मी माडीवर गेलो. "पोरी, माझा आवाज निपाणीत काय कराय लागलाय?"

ती घाबरली. मग तिनं संगणक माझ्याकडं वळवला आणि सगळं दाखवलं. गेममधला बर्फातला किल्ला, गेममधलेच चिलखत घातलेले शिपाई. ती आणि तिच्या कॅम्पातल्या मैत्रिणी आपापल्या घरी बसून एकेक बाहुलं चालवायच्या, त्याला मान हलवायला लावायच्या. ते चित्र टिपून घ्यायचं आणि त्यावर आमच्या भागातलं बोलणं चढवायचं. असे छोटे छोटे भाग करून ती ते इंटरनेटवर टाकत होती. किल्ल्याच्या दरवाज्यावर एक म्हातारा पहारेकरी. राजा येवो, राक्षस येवो, तो आधी रांगेत उभा करणार, नखं बघणार, नाडी बांधायला लावणार. आत लढाई पेटलेली असते आणि हा बाहेर लग्नातून उठून आलेल्या एका सरदाराला विचारतो, "लग्नात जेवलास न्हवं? मग ताट तसंच टाकून कसं आलास?"

मला राग यायला हवा होता. मी आधी तोंड दाबून ठेवलं, मग राक्षस उठाबशा काढायला लागला तेव्हा फुटलोच. बायको खालून विचारायला लागली काय झालं म्हणून.

"सांगितलं असतं तर तुम्ही असं बोलला नसता," सून म्हणाली. "माइक बघून भाषण केलं असतं." हे मात्र खरं.

त्या दिवसापासून मला एक नवीनच नाद लागला. प्रत्येक भागाखाली बघणारे आपलं मत लिहितात. ती मतं मी वाचायला लागलो. सकाळी पेपर बाजूला, आधी ती. माणसं एवढं लिहितात आणि असं लिहितात, हे मला माहीत नव्हतं. एक म्हणायचा, पोट दुखलं हसून. लगेच खालचा म्हणायचा, यात हसण्यासारखं काय आहे, बाहुल्यांचे ओठसुद्धा हलत नाहीत. एका बाईंनी लिहिलं, "ही कसली मराठी? मुलांसमोर लावता येत नाही, भाषा बिघडते." त्याखाली कुणी परदेशातून लिहिलं, की माझे वडील असंच बोलायचे, पंधरा वर्षांनी घरात हा आवाज आला. एकानं सल्ला दिला, म्हाताऱ्याला काढा, तोच तोच विनोद करतोय. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आणि एकदा कुणीतरी सहज 'बेळगाव' लिहिलं, दुसऱ्यानं खाली 'बेळगावी' म्हणून दुरुस्ती केली. मग जे भांडण पेटलं त्यात राजा, राक्षस, पहारेकरी सगळे वाहून गेले. मी सुनेला म्हटलं, "ह्यास्नी पण रांगेत उभं कराय पाहिजे." तिनं ते वाक्य पुढच्या भागात घातलं.

पावसाळा संपता संपता माझा आवाज बसला. आधी वाटलं सर्दी. लिंबू, आलं, हळद, बायकोनं सगळं केलं. सूनच एकदा ध्वनिमुद्रण ऐकता ऐकता थांबली आणि म्हणाली, "आप्पा, हे सर्दीचं नाही. मागच्या महिन्यापासून हळूहळू खरखर वाढत गेलीय. मला इथं ऐकू येतंय." तिनं जुना आवाज आणि नवा आवाज लागोपाठ लावला. मलाही फरक कळला.

बेळगावच्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं. स्वरयंत्राच्या पट्टीवर गाठ. काढली, तपासायला पाठवली. ती वाईटच निघाली, पण वेळेत सापडली होती. गाठीबरोबर पट्टीचा थोडा भागही गेला. डॉक्टर म्हणाले, जीव वाचलाय, आवाजाचं बघू. मी सांगेन तोवर एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही.

मी घरी आलो तो मुका होऊन. मुलानं पाटी आणून दिली. तिच्यावर 'चहा', 'पंखा बंद' असं लिहून दाखवायचं. ज्या माणसाचा आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जायचा त्याला बायकोनं मागं वळून बघावं म्हणून भिंतीवर टकटक करावी लागायची.

सुनेनं मालिका थांबवली. बघणारे रोज विचारायचे, आप्पा कुठाय? शेवटी मला विचारून तिनं एक छोटा भाग केला. त्यात पहारेकरी किल्ली एका पोरसवदा शिपायाच्या हातात देतो, काही न बोलता बर्फातून चालायला लागतो आणि दिसेनासा होतो. खाली अक्षरं उमटतात, 'आप्पांचा पहारा संपला.' मला तो भाग आवडला. मी पाटीवर लिहिलं, 'छान.' आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही की लोक त्याचा काय अर्थ काढतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मतं वाचायला बसलो. भावपूर्ण श्रद्धांजली. ओम शांती. आप्पा, तुम्ही हसवून रडवलंत. हात जोडलेली चित्रं, दिव्यांची चित्रं, वर वर सरकवत जावं तरी संपेनात. आवाज देणारे गृहस्थ वारले, असं कुणीतरी लिहिलं होतं आणि बाकीचे ते धरून चालले होते. भाषा बिघडते म्हणणाऱ्या बाईंनीही लिहिलं होतं, की असं अस्सल बोलणं आता ऐकायला मिळणार नाही. आणि मधेच एक महाशय: "बोरगावात अंत्यविधीला मी हजर होतो. अलोट गर्दी. देवमाणूस होता."

मी ते तीनदा वाचलं. माझ्या गावात, माझ्या अंत्यविधीला, अलोट गर्दी! ओरडायला तोंड उघडलं आणि डॉक्टर आठवले. तसाच मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात पळालो. बायकोनं वाचलं आणि तिच्या हातातलं उलथनं खाली पडलं. मी तिच्यासमोर धडधाकट उभा होतो, तरी तिचा चेहरा पांढरा पडला. असलं लिहिणाऱ्याचे हात झडोत, अशा अर्थाचं काहीतरी ती कानडीत पुटपुटली.

सुनेनं लगेच लिहून टाकलं, की आप्पा सुखरूप आहेत, आजारपणामुळं विश्रांती घेतायत. पण ते वाचणारे थोडे. श्रद्धांजली चालूच.

दोन-चार दिवसांनी दुपारचा मी घराच्या पुढच्या सोप्यात बसलो होतो. एक माणूस मोटारसायकलवरून उतरला. चाळिशीचा, डोक्याला रुमाल. दाराशी घुटमळला. "दरवाज्यावरच्या आप्पांचं घर हेच न्हवं? मी सदलग्यास्नं आलोय. गावात इचारत इचारत आलो."

मी मान डोलावली. तो चप्पल काढून आत आला आणि माझ्यासमोर मांडी घालून बसला. "तुम्ही भाऊ काय त्यांचं?" मी काही करायच्या आत त्यानं माझा हात हातात घेतला. घरात बायको नव्हती, सून माडीवर कानात यंत्र घालून कंपनीशी बोलत होती. पाटी आतल्या खोलीत. मी बसून राहिलो.

"अण्णा, मी काय त्यांस्नी भेटलो न्हाय कवा," तो म्हणाला. "पर आलो. माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं वाटणीवरनं बोलणं बंद. घर एकच, मधी भिंत घातलीया. एकदा मी आप्पाचं बघालतो. त्यो म्हणतोय बघा, आग वकायची तर गावाभाईर जाऊन वक, हितं कडबा हाय. मी हसलो. आन् भिंतीपल्याडनं भाऊ हसला! त्याच वाक्याला! त्यो पण तेच बघालता." त्यानं डोक्याचा रुमाल सोडला. "मी गप झालो, त्यो बी गप झाला. मग दुसऱ्या दिशी मी मुद्दाम मोठ्यानं लावलं. त्यो पल्याडनं म्हणाला, जरा वाढीव रं आवाज. पाच वर्सांनी बोलला अण्णा माझ्यासंगट."

तो रुमालानं डोळे पुसायला लागला. मी उठलो, आतून पाटी आणली आणि लिहिलं, 'मीच तो आप्पा. जिवंत आहे. बोलायची बंदी आहे.'

त्यानं वाचलं. पाटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि बसल्या बसल्या एवढा मागं सरकला की भिंतीला टेकला. "आयला!" मग एकदम उठला, माझ्या पाया पडला, आणि पाया पडता पडताच चिडला. "मग जित्ता हाईसा हे सांगायचं न्हाय व्हय? माझा भाऊ काल जेवला न्हाय!" त्यानं तिथूनच भावाला फोन लावला. पलीकडचा विश्वास ठेवेना. बोल म्हणावं आप्पाला, म्हणायला लागला. मला बोलता येईना. शेवटी आम्ही दोघं शेजारी बसलो, मी पाटी छातीशी धरली आणि त्यानं फोटो काढून पाठवला.

डॉक्टरांनी बोलायला परवानगी दिली तेव्हा माझ्या घशातून जे निघालं ते मला ओळखता आलं नाही. बारीक, चिरका, टोकाला हवा सुटणारा आवाज. मी बायकोला हाक मारली आणि ती इकडंतिकडं बघायला लागली. रोज सराव केला. बोलणं स्वच्छ झालं, पण जाडी परत आली नाही.

तरी सुनेनं हट्ट धरला. लोकांना तुम्ही पाहिजे आहात, ती म्हणाली. आप्पा बर्फातून परत येतो असा भाग केला. मी मनापासून बोललो. संध्याकाळी दोघं मतं वाचायला बसलो.

"हा आप्पा नव्हे." "आवाज नकली आहे." "मेलेल्या माणसाची नक्कल करता, लाज वाटत नाही?" अंत्यविधीला हजर असलेल्या महाशयांनी लिहिलं होतं, "मी स्वतः खांदा दिलाय. हा तोतया कोण?"

मी उत्तर लिहिलं, की मी स्वतः आप्पा बोलतोय. त्याखाली एकाचा प्रश्न आला, "काका, तुमचं वय काय, असे धंदे शोभतात का?" सदलग्याच्या भावांनी माझ्या बाजूनं लिहिलं, तर त्यांना विचारलं गेलं, तुम्हाला किती मिळाले?

सून रडायला लागली. मला रडू आलं नाही. मला नुसता धक्का बसला होता, तोही विचित्र. खांदा देणारे महाशय सोडले तर माणसं खोटं बोलत नव्हती. त्यांना जो माणूस ऐकू यायचा तो खरंच गेला होता. मी जुने भाग लावले आणि त्यांच्यासारखाच ऐकत बसलो. काय आवाज होता! माझा असताना मी कधी ऐकलाच नव्हता.

आप्पाला आम्ही परत आणलं नाही. पण काही आठवड्यांनी सूनच म्हणाली, किल्ल्याला एक स्वयंपाकीण पाहिजे, म्हातारी, कजाग. मी म्हटलं, बाईचा आवाज मी काढू? ती म्हणाली, "काढायचा नाही. आहे तसाच बोला." मी जरा रुसलो, मग बोललो. म्हातारी राजाला म्हणते, ताटात काय पडलंय ते खा, मी काय हॉटेल उघडलंय काय.

लोकांनी लिहिलं, ही म्हातारी कुठून शोधून आणली? एकानं लिहिलं, हुबेहूब आमची आजी. एकाला ती आवडली नाही, आप्पाची सर हिला नाही म्हणाला, आणि ते मला पटलं.

आता माझी बायकोही माडीवर येऊन बसते. स्वयंपाकिणीनं अमुक म्हणायला नको होतं, असं कानडीत सांगते. परवा सुनेनं गुपचूप माइक तिच्याकडं सरकवला. ती माझ्याशी भांडतच होती, भाजीत मी गूळ जास्त घातला म्हणून. मला दिसलं, पण मी तिला सांगितलं नाही. उलट म्हटलं, गूळ कमीच होता.