भाऊजींचे दोन झेंडे

भाऊजी रोज सकाळी पट्टी घेऊन झेंड्यांची उंची मोजत. जेवणाच्या टेबलावर दोन छोटे झेंडे असत, एक सिंगापूरचा, एक त्यांच्या बेटाचा. एखादा जरा उंच दिसला की म्हणत, "वहिनी, अशानेच देशादेशांत बिनसतं."

माझे हे धाकटे दीर सिंगापुरात मसाल्यांचा व्यापार करत. दूरच्या एका चिमुकल्या बेटाने त्यांना मानद वाणिज्यदूत नेमलं होतं. मानद म्हणजे बिनपगारी. बेट त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पण बेडोकच्या मार्केटात बांगडा बघून नाक मुरडत, "आमच्याकडे याहून मोठा मिळतो!"

बेटाच्या स्वातंत्र्यदिनी नारळीभात करायला मला त्यांच्या फ्लॅटवर बोलावणं येई; आम्हीही सिंगापुरातच राहत होतो. पाहुणे तीनच: मी, माझा मुलगा आणि त्यांच्या इमारतीचे सिक्युरिटीवाले चिनी अंकल. अंकल सिंगापूरचे, म्हणून ते सिंगापूरच्या झेंड्याकडे बसत. आम्ही मायलेक बेटाकडे.

एका वर्षी बेटाचे मंत्री चांगी विमानतळावर विमान बदलणार होते. भाऊजींनी पत्रांवर पत्रं पाठवली, तेव्हा ते जेवायला यायला कबूल झाले. भाऊजींच्या नेमणुकीची मुदत संपत आली होती, ती वाढवून हवी होती. "वहिनी, हे पद गेलं तर मी नुसता मिरचीवाला."

मोठा पाहुणा येणार म्हणून मी पडदे धुतले. त्यातच बेटाचा झेंडाही धुतला. लाल रंग पांढऱ्यात उतरला. भाऊजींनी तो उजेडात धरून पाहिला. "वहिनी, लढाई लावलीत तुम्ही!"

मंत्र्यांनी नारळीभात दोनदा घेतला. मग वाकून झेंडा बघत राहिले. मी दाराआड होते. कधी नव्हे ती पुढे आले. "मी धुतला. त्यांची चूक नाही." मुलाने ते इंग्रजीत सांगितलं. मंत्री हसले. "रंगाचं सोडा. हा झेंडाच आम्ही केव्हाच बदलला. तुम्हाला कुणी कळवलं नाही?"

कुणीच नाही. मुदतीचं बघतो म्हणाले आणि नारळीभाताचा डबा घेऊन विमानाला गेले.

भाऊजींनी गुपचूप पट्टी काढली. "सरकारं विसरतात, वहिनी. म्हणून तर माणूस नेमावा लागतो."

मुदत वाढवल्याचं पत्र आलं नाही. नवा झेंडाही नाही. दोन वर्षांनी भाऊजी गेले. बेटाला कळवायला मी मुलाकडून पत्र लिहून घेतलं. त्याचंही उत्तर नाही.

यंदा बेटाच्या स्वातंत्र्यदिनी मी आमच्या फ्लॅटवर नारळीभात केला आणि टेबलावर भाऊजींचे दोन्ही झेंडे मांडले. मुलगा ऑफिसला होता. अंकल बसने आले आणि न सांगता सिंगापूरकडे बसले. बेटाकडे मी एकटी. गुलाबी झालेला झेंडा मला जरा बुटका वाटला. उठले आणि पट्टी घेऊन आले.