उबाल्दिना खात्री करून घेते

निन्या उबाल्दिनाचा (वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे मानाने निन्या म्हणतात) कोणावर म्हणून विश्वास नव्हता. बर्फवाल्याची लादी ती ठोकून बघायची. पाद्रीबाबांनी शिंपडलेलं पाणीसुद्धा हुंगून बघायची. ही बाई आमच्या दवाखान्यात आली ती खालची दाढ हलायला लागली म्हणून, आणि डॉक्टर यासेनियांनी दिवा मारला तिच्या टाळ्यावर.

"दाढ खाली आहे. वर काय शोधताय?"

"निन्या, चुट्टा ओढता?"

"ओढते. सगळ्याच ओढतात."

धक्क्यावर मासळी साफ करणाऱ्या आमच्या बायका चुट्ट्याचं, म्हणजे तंबाखूच्या जाड विडीचं, पेटतं टोक तोंडात धरतात. हात ओले, समोरून वारा, राख माशांवर पडायला नको. आयांनी तसंच ओढलं, लेकींनी तेच उचललं. टाळा पांढरा पडून त्यावर लाल ठिपके उठले की बाई मुरली असं समजतात. मग ती कढत सूप फुंकर न घालता पिते आणि सगळ्या तिचं कौतुक करतात.

डॉक्टरांनी भिंतीवर तोंडाच्या कॅन्सरची चित्रं लावली होती, पण ती शहरातल्या लोकांची तोंडं म्हणून बायका बघायच्याही नाहीत. म्हणून आता डॉक्टर प्रत्येकीच्या हातात आरसाच द्यायच्या.

"हे पांढरं बघा. यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. सुरुवातीला दुखत नाही, म्हणूनच दुखत नसतानाच बघायचं. जखम दोन आठवड्यांत भरली नाही, गाठ लागली, तर लगेच यायचं. आणि चुट्टा सोडायचा."

उबाल्दिनाने आरसा उलटून त्याची पाठ तपासली. "आरसा तुमचा, दिवा तुमचा. वाट्टेल ते दाखवाल. दुखत नाही ते दुखणं कसलं?"

दाढ काढून घेऊन ती थेट धक्क्यावर गेली आणि ही डॉक्टरीण लबाड आहे असं तिने गावभर करून टाकलं. खरं सांगायचं तर डॉक्टरांची शंका मलाही यायची. मी त्यांची मदतनीस, पण मूळची याच गावची. परक्या गावची बाई, रविवारीसुद्धा दवाखान्यात, इतकं गोड बोलणं; काहीतरी डाव असणारच असं मला वाटायचं.

पुढच्या आठवड्यात उबाल्दिना घरचा आरसा आणि धाकटी बहीण एलोइना, दोघांना घेऊन हजर.

"हिचं तोंड बघते मी. माझ्यासारखंच निघालं तर तुमचं पितळ उघडं. सगळ्यांना असतं त्याला रोग म्हणत नाहीत."

डॉक्टरांनी दिवासुद्धा तिच्याच हातात दिला. एलोइनाने आ केला.

"तस्संच!" उबाल्दिना ओरडली. "बघा!"

डॉक्टर शांतपणे मला म्हणाल्या, "मारेल्विस, तू उघड तोंड."

मी चुट्टा ओढत नाही. माझा गुलाबी टाळा उबाल्दिनाने निरखून बघितला, मग हातमोजा घालून बोटाने चोळून बघितला, रंग लावलाय का म्हणून. मोज्यातूनही मासळीचा वास येत होता. मोजा बदलून ती पुन्हा एलोइनाकडे वळली, आणि या वेळी तिने घाई केली नाही.

"हे काय आहे?" तिने दिवा आणखी जवळ नेला. "मागच्या बाजूला. चिरलंय, आणि कड टणक लागतेय."

डॉक्टर वाकल्या. "इथला छोटा तुकडा काढून बारांकियाच्या मोठ्या इस्पितळात तपासायला पाठवायला हवा. आजच."

एलोइना ताडकन उठली. "मला काही दुखत नाही."

"बस खाली."

"तूच म्हणालीस ना ही लबाड आहे? तुझं ऐकून तर मी आठवडाभर इकडे फिरकले नाही. आता तिचंच ऐकू?"

मला उबाल्दिनाची फार दया आली. एलोइना दारापर्यंत पोचली होती, आणि जगात ती ऐकायची ते फक्त या बहिणीचं.

उबाल्दिना स्वतःच खुर्चीत चढून बसली. "आधी माझा तुकडा काढा. एलोइना, इथे उभी राहा, हिच्या हातांवर नजर ठेव. काही लबाडी दिसली तर मला चिमटा काढ, दोघी निघून जाऊ."

डॉक्टरांनी सुई देऊन टाळ्याचा तांदळाएवढा तुकडा काढला. उबाल्दिनाने डोळे मिटले नाहीत. माझं मनगट मात्र तिने असं आवळलं की वळ उठले. चिमटा काही कोणी काढला नाही.

"आता हिचा," बधिर तोंडाने ती म्हणाली. एलोइना कुरकुरत बसली.

उबाल्दिनाचा तुकडा साधा निघाला. एलोइनाचा कॅन्सरचा निघाला.

"लवकर सापडलाय," डॉक्टरांनी दोघींना समोर बसवून सांगितलं. "बारांकियाला जाऊन ऑपरेशन करून घ्यायचं. बरं होण्याची आशा चांगली आहे."

"आशा नको. बरी होईल की नाही, नक्की सांगा."

"नक्की नाही सांगता येत, निन्या."

उबाल्दिना त्यांच्या तोंडाकडे कितीतरी वेळ बघत राहिली.

"ही बाई खोटं बोलत नाही," ती एलोइनाला म्हणाली. "चल, तुझे कपडे भरू."