दोघींच्या मधे

देवळीच्या रस्त्यावरच्या एका छोट्या दवाखान्यात मी नर्स म्हणून लागले, तेव्हा माझं अर्धं काम नर्सचं होतं आणि अर्धं दुभाष्याचं. हे दुसरं काम मला कोणी दिलं नव्हतं, ते गळ्यात पडलं. पुरुषांच्या वॉर्डात माझ्यासोबत दोघी होत्या आणि त्या दोघींना एकमेकींचं बोलणं कळत नव्हतं.

एक आमची सीनियर सिस्टर, केरळची. हात इतका हलका की सुई कधी गेली ते पेशंटला समजायचं नाही. पण तिची हिंदी हॉस्टेलमध्ये ऐकून ऐकून जमवलेली. तिच्यात क्रियापदं कमी आणि 'जल्दी' फार. मराठी तर नाहीच. दुसरी आमची मावशी. आष्टीकडच्या खेड्यातली, नवरा वारल्यावर देवळीला लेकीकडे राहायला आलेली. वॉर्डाची झाडपूस, चादरी, पेशंटचं चहा-पाणी सगळं तिच्याकडे. शाळेचं तोंड तिने पाहिलं नव्हतं. वऱ्हाडीशिवाय दुसरी भाषा तिच्या तोंडात बसत नव्हती.

सुरुवातीच्या भांडणांचं मला हसूच यायचं. सिस्टर ड्रेसिंगसाठी हात धुवायला उभी, मावशी वरून पाणी ओततेय. पुरे झालं की सिस्टर घाईत तिच्या भाषेत म्हणायची, "मदी, मदी!" मल्याळममध्ये म्हणे त्याचा अर्थ 'बस, पुरे'. आमच्याकडे मदी म्हणजे आत, मध्ये. मावशी आणखी नेम धरून बरोबर मधोमध पाणी सोडायची. सिस्टर भिजायची, ओरडायची. मावशी मला म्हणायची, "मदी टाक म्हन्ते, मदी टाकलं तं बोंबलते. कशी बाई आहे व ही?"

पण एक दिवस हसण्यासारखं राहिलं नाही.

नाचणगावचे एक आजोबा हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आले होते. सकाळी त्यांना तोंडाने काहीच द्यायचं नव्हतं. सिस्टरने तसं इंग्रजीत ठळक लिहून पाटी त्यांच्या खाटेला लावली. मी तेव्हा दुसऱ्या टोकाला एकाचा ताप पाहत होते. आजोबांनी मावशीकडे चहा मागितला. मावशीने दिला, वर टोसही दिला. वर्ध्याहून डॉक्टर आले आणि आजोबा त्यांच्यासमोर मिशी पुसत बसलेले. ऑपरेशन पुढे ढकललं. डॉक्टर सगळ्या पेशंटसमोर सिस्टरला बोलले. ती मान खाली घालून उभी राहिली. ते गेल्यावर तिने मावशीला गाठलं.

"बोर्ड दिखता नहीं? इतना बड़ा बोर्ड! दिखता नहीं क्या?"

"दिसते ना," मावशी म्हणाली. "डोये फुटले नाई माहे. दिसते तं का झालं?"

सिस्टर माझ्याकडे वळली. "क्या बोली?"

"सॉरी बोल रही है," मी म्हणाले.

तेवढा शब्द मावशीला येत होता. "मी सॉरी कधी म्हटलं व?"

त्यानंतर दोघींनी एकमेकींशी बोलणं सोडलं. उभ्या असायच्या दोन हातांवर, पण सगळं माझ्यातर्फे. "उसको बोलो, चद्दर बदलो." "तिले सांग, बदलली म्हना, डोये उघडून पाह्य." मी दोन्हीकडचे काटे काढून सांगायचे आणि मी काटे काढते हे दोघींनाही माहीत असायचं. घरी गेल्यावर माझ्या तोंडून बोलणं निघत नसे. नवरा विचारायचा, दिवसभर काय उचललं? काय सांगू त्याला? लोकांची वाक्यं उचलून उचलून माणूस थकतं, हे सांगितलं तर हसला असता.

मग मला दिवस गेले आणि बाळंतपणासाठी मी माहेरी आले. निघताना मनात म्हटलं, आता पाहतील त्यांचं त्या. पहिले काही दिवस सिस्टरचा फोन यायचा. मला चार शब्द सांगायची आणि फोन मावशीच्या कानाला लावायची. बाजेवर पडल्या पडल्या मी तेच चार शब्द वऱ्हाडीत सांगायचे. आई चिडायची, "सुट्टीवर आहेस की ड्युटीवर?" मग फोन विरळ झाले. मग बंदच पडले. मुलगी झाली, बारसं झालं, फोन नाही. मला वाटलं, भांडण हद्दीबाहेर गेलं असेल, एकीने काम सोडलं असेल. फोन वाजला की मी पोरीला बाजूला सारून बघायचे, तर तो दुसऱ्याच कुणाचा असायचा.

रजा संपवून मी परत गेले. पाहिलं तर एका खाटेला पाटीऐवजी, सलाइन स्टँडला गॉजच्या पट्टीने स्टीलचा ग्लास उलटा बांधलेला. मी तो सोडायला हात लावला, तर मागून आवाज आला, "ए, नको काढू, उपाशी आहे तो!" वळून पाहिलं. बोलली होती सिस्टर. "काऊन व," ती मला आपादमस्तक बघत म्हणाली, "वाळून गेली तू!"

'का गं'ऐवजी 'काऊन व', थेट मावशीच्या तोंडचं. मावशी पदर तोंडाला लावून हसत होती.

दुपारी खिडकीपाशी डबे उघडले तेव्हा मावशीने सांगितलं. मी गेल्यावर सिस्टरचे वडील वारले. फोन आला तो ऐन ड्युटीत. गाव इतकं लांब की गाडीने पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असणार. सिस्टर चादरींच्या खोलीत जाऊन रडत बसली. मावशी तिच्याजवळ जाऊन बसली.

"मंग? काय म्हणालात तिला?" मी विचारलं.

"का म्हनू? ती तिचं बोलत होती, मी माह्यं बोलत होती. माह्या बापाचं सांगतलं तिले. तो गेला तवा मी बी सासरी होती, गाडी नाई भेटली."

"आणि ती काय म्हणाली?"

"मले का मालूम व?" मावशीने भाकरीचा तुकडा मोडला. "बापाचंच म्हनत असन."

सिस्टर दोघींकडे बघत शांतपणे भात कालवत होती. तिला सगळं कळलं होतं असं मला वाटतं. मी सवयीने तिला हिंदीत सांगायला गेले, तर तिने मान हलवली, "मालूम है." मग मी माझ्या डब्याकडे वळले. त्यांच्यात आता काही उचलून न्यायचं उरलं नव्हतं. ज्या ओझ्याने मी कंटाळले होते, ते उतरलं तर हात रिकामे वाटायला लागले. त्या दोघी अर्ध्या शब्दावर हसायच्या आणि मी, दोघींशी बोलता येणारी, 'काय झालं?' म्हणून विचारायचे.

ते दिवस फार टिकले नाहीत. सिस्टरला परदेशातली नोकरी लागली. त्याआधी ती केरळला घरी जाणार होती. वर्धा स्टेशनवर आम्ही दोघी तिला सोडायला गेलो. मावशीने जवसाची चटणी आणली होती, डब्याला फडकं घट्ट बांधून. गाडी हलायला लागली तशी सिस्टर खिडकीतून म्हणाली, "येतो, मावशी."

"तुह्या भाषेत म्हन," मावशी गाडीसोबत चालत म्हणाली. "घरी चालली ना? तुह्या भाषेत म्हन."

सिस्टरने काहीतरी म्हटलं. मावशीने तेच तिला परत म्हटलं, शब्द न चुकता. परतीच्या बसमध्ये मी विचारलं, ते काय होतं?

"जाऊन येतो," मावशी म्हणाली. "त्यायच्यातही नुसतं 'जातो' नाई म्हनत."

मला हे माहीत नव्हतं. मावशीने पहिल्यांदाच मला अर्थ सांगितला होता. ती खिडकीबाहेर बघत होती, कपाशीची शेतं मागे जात होती.

पुढे मावशीचे गुडघे गेले आणि तीही मुलाकडे गावी परतली. आता वॉर्डात दहावी झालेली मुलगी आहे. पाट्या वाचते, मोबाइलवरचे मेसेज वाचते, काही समजावावं लागत नाही. नवी सिस्टर नागपूरची. काम झपाझप होतं. दुपारी डबे उघडतो, खातो, उठतो.

मागच्या हिवाळ्यात मी पोरीला घेऊन मावशीकडे गेले. तिच्या ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होतो, तेव्हा मी सिस्टरला व्हिडिओ कॉल लावून दिला. चेहरा दिसत असूनही मावशीने फोन कानालाच धरला. पलीकडून एक भाषा, अलीकडून एक, दोन्ही एकाच वेळी आणि मधूनमधून हसू. सिस्टरच्या बोलण्यात अजून 'काऊन व' येत होतं. मला मधे काही बोलावंसं वाटलं, पण माझी कुठे जागाच नव्हती. मी शेंगा सोलत राहिले. आर्वीकडे जाणारी एसटी यायची वेळ झाली होती. पोर कडेवर घेऊन निघायला हवं होतं. मी उठले नाही.