आधीच्या हाताची भाकरी

गंगम्माच्या हातची कडक भाकरी पापडासारखी पातळ आणि कडेपर्यंत एकसारखी. सोलापुरात आमच्या गल्लीत कुणाचं लग्न ठरलं की आधी तिला सांगावा जायचा, मग आचाऱ्याला. मी तिची शेजारीण, तिचं सगळं डोळ्यांनी पाहिलेली.

तिशी ओलांडली आणि तिचं आतडं बिघडलं. आव, रक्त, पिळवटून येणारी कळ. भाकरी थापता थापता उठून पळायची, हातपाय धुऊन पुन्हा परातीशी बसायची. सासू कमलम्माच्या मते हे काम चुकवायचं ढोंग होतं. चुलीपासून मात्र तिला कुणी उठवलं नाही.

चौऱ्याहत्तर साली डॉक्टरांनी मोठं आतडं काढायचं ठरवलं. कडक भाकरी महिनोन्महिने टिकते. माघारी घरच्यांची आबाळ नको म्हणून ही बया तसल्या अवस्थेत भाकरींची कमरेएवढी चवड रचून इस्पितळात गेली.

वाचली. पोटावर लहान आतड्याचं तोंड काढलेलं, त्यावर रबरी पिशवी. डॉक्टरांनी नवऱ्याला, शिवशरणला, नीट समजावलं होतं. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. तो का होतो, ते अजून पक्कं कळलेलं नाही. आतड्यात जंतू सगळ्यांच्याच असतात, तुमच्याही, आणि त्यांच्यावाचून आपलं चालत नाही. त्यानं घरी येऊन सगळं सांगितलं. कमलम्मानं त्यातले जंतू तेवढे उचलले.

गंगम्माचं ताट वेगळं झालं, तिला चूल बंद झाली. आणि घर कुणाचं? गळ्यात इष्टलिंग असलेल्या लिंगायताला विटाळ नाही, असं गल्लीभर ऐकवणाऱ्या कमलम्माचं! दुसऱ्यांचा विटाळ हसायला आणि आपला पाळायला. मला नुसता संताप यायचा. शिवशरण खाली मान घालून जेवायचा. आईपुढे तो कायम मुकाच.

हळूहळू गंगम्मा सावरली. रक्त थांबलं, अंगावर मांस आलं. एक दिवस सासू मठात गेलेली पाहून तिनं भाकरी केल्या आणि जेवणवेळी परतलेल्या सासूला आणि नवऱ्याला वाढल्या. मी विरजण मागायला गेले होते, दारातच थांबले. कमलम्मानं ताट सरकवलं. इस्पितळात जाण्याआधीच्या चवडीकडे बोट दाखवून म्हणाली, "आधीच्या हाताची दे."

गंगम्मानं ती आणून वाढली. मग शांतपणे म्हणाली, "अत्ती, ह्या थापताना मी घडीघडी परसाकडं पळत हुते. लुगड्याला रगत असायचं. त्या चालत्यात, आन आता बरी झाले तर न्हाय?"

कमलम्मा ताटावरून उठली. मला वाटलं, लाजली असेल.

दुसऱ्या दिवशी उरलेली सगळी चवड म्हशीच्या गव्हाणीत गेली आणि भाकरीला बाहेरची बाई लागली. म्हशीनं त्या भाकरी कडाकडा चावून संपवल्या. तिचं दूध घरात सगळ्यांना चाललं.